चिंधी पांढरी निघेस्तोवर

टँकरचा ड्रायव्हर गाडीतून उतरून माझ्याकडे चालत आला, तेव्हाच मला धस्स झालं. एरवी तो बसल्या जागेवरूनच ओरडायचा, "काय डॉक्टर, आज विहिरीला औषध पाजलं का न्हाई?" त्या दिवशी ओरडला नाही. मी विहिरीच्या कडेला उकिडवा बसून बादलीत ब्लीचिंग पावडर कालवत होतो. चुना खाली बसला की वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायची आणि ती विहिरीत सोडायची, हे माझं काम. तो जवळ येऊन उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "किसन, शेवगावातनं निघताना कळलं बाबा... तुजी शिंपीणमावशी गेली. तू निघाल्यावर, सकाळीच." मी "बरं" म्हणालो. बादली निवळली होती. निवळ दुसऱ्या बादलीत घेतली, ती दोराने खाली सोडली, पाण्यात बुडवून वर-खाली हिसडली. कालवलेलं तसंच टाकून जाता येत नाही. मग दोर गुंडाळला, सायकल स्टँडवरून काढली आणि सवयीने वाकून चेन बघितली. शेवगावपर्यंतच्या वाटेत मला रडू आलं नाही. सगळा रस्ता मी चेनचा आवाज ऐकत होतो. कुठे अडखळते का, दाता सोडते का... ही सवय मावशीची. तिला सायकल चालवता येत नव्हती. जन्मात ती कधी सायकलवर बसली नाही, कुणाच्या मागेसुद्धा. पण माझी सायकल चालू राहिली ती तिच्यामुळे, आणि सायकल चालू राहिली म्हणून मी या मुलखात टिकलो.

आता या गोष्टीला काही आठवडे झाले. मी लिहिणारा माणूस नव्हे. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर घरी चार ओळी खुशालीच्या लिहितो तेवढाच हात कागदाला लागतो. चुकलंमाकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण गल्लीत मावशीचा विषय निघाला की जो तो म्हणतो, "बाई फटकळ होती," आणि तिथेच थांबतो. फटकळ होती हे खरं. तेवढ्यावर थांबू नये एवढंच मला वाटतं.

माझं गाव राजूरच्याही पुढे, डोंगरात. तिकडे पावसाचे चार महिने म्हणजे सगळं ओलं. चूल ओली, अंथरूण ओलं, भिंतीला हात लावला तर तीही ओली. लोखंड तर बघता बघता लाल होतं. म्हणून आमच्यात कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, जे जे लोखंडाचं असेल त्याला पावसाच्या तोंडावर खुरासणीचं तेल चोपडून ठेवतात. ते तेल वाळून वर पापुद्रा धरतं आणि खालचं लोखंड शाबूत राहतं. बापजाद्यांपासून चालत आलेली रीत. त्यात चूक असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. गेल्या साली मात्र आमच्याकडेही पाऊस मधेच उठून गेला, भात पोटरीत असतानाच वाळलं. घरी आई, थोरला भाऊ, वहिनी, धाकट्या दोघी बहिणी. खाणारी तोंडं सगळी जागच्या जागी, आणि कणगी रिकामी. नगरला मामेभाऊ आहे, त्याने निरोप धाडला की जिल्ह्याच्या पूर्वभागात दुष्काळामुळे विहिरींत औषध टाकायला हंगामी माणसं घेताहेत. शेवगावच्या ऑफिसात मी हात जोडून उभा राहिलो तेव्हा इन्स्पेक्टरसाहेबांनी मला किती शिकलास हे विचारलंच नाही. विचारलं, "सायकल आहे?" मी म्हणालो, "घेतो साहेब." ते म्हणाले, "नीट ऐकून ठेव. सायकल बंद, तर हजेरी बंद. एकदा ऐकून घेईन, दुसऱ्यांदा नाही. बाहेर बघ, किती जण उभे आहेत." मी बाहेर बघितलं. भिंतीला टेकून माणसं उभी होती, आणि प्रत्येकाच्या हाताशी सायकल होती. ते दृश्य आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

मामेभावाने नगरच्या जुन्या बाजारातून सायकल पैदा केली. काय दिसत होती! सांगाडा काळाभोर, आणि चेन, चेनव्हील, मागचं फ्रीव्हील, सगळ्याला तसाच काळा चकचकीत रंग. एसटीच्या टपावर टाकून ती शेवगावला आणली. राहायला जागा मिळाली ती गयामावशीच्या घराला लागून काढलेल्या पडवीत. गयामावशी म्हणजे गल्लीतली शिंपीण. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेला, मूलबाळ नाही, एक भाऊ नेवाशाकडे. पायाचं शिलाई मशीन खिडकीशी मांडून ती दिवसभर बायकांची पोलकी आणि पोरांची झबली शिवायची, आणि खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्याचा समाचार घ्यायची. मला तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "ऱ्हा बाबा, पर ही तुजी सायकल माज्या उंबऱ्याच्या आत आनायची न्हाई. कापडाचं घर हाय. लोकांच्या लेकीबाळींची कापडं हायत हितं, त्याला काळा ठिपका लागला तर तू भरून देनार हाय का?" मी मान हलवली. ती सायकलीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "साखळीला रंग कशाला दिलाय रं?" मी म्हणालो, "शोभेला असंल." "शोभेला!" ती म्हणाली. "बाई जास्त पावडर लावून आली की समजायचं, कायतरी झाकलंय." आणि मशीन चालू केलं.

पुढे वळणापर्यंत जाईस्तोवर तिचं म्हणणं खरं झालं. पायडलवर जोर दिला की रंगाचे टवके उडायला लागले आणि खालून लाल भुगा. चेनच्या कड्या एकमेकींना धरून बसलेल्या, फ्रीव्हील उलटं फिरवलं तर टिक टिक वाजायच्या ऐवजी गुपचूप. सायकल दुकानदाराने एकदाच खाली वाकून बघितलं आणि सांगितलं की चेन, फ्रीव्हील, चेनव्हील, तिन्ही नवीन टाका, नाहीतर आणलीत तिथे परत नेऊन द्या. नवीन टाकणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. मावशी नेमकी भावाकडे गेलेली. पडवीत बसून मी माझं गाठोडं सोडलं. आईने येताना खुरासणीच्या तेलाची बाटली दिली होती, चटणी-भाकरीवर घ्यायला. मला वाटलं, देवानेच दिली. सगळी चेन त्या तेलाने न्हाऊ घातली, फ्रीव्हीलमध्ये ते ओतलं, चेनव्हीलला चोपडलं. थोड्या वेळाने पायडल मारलं, आणि काय सांगू, सायकल लोण्यासारखी फिरायला लागली. त्या तेलाच्या वासाने मला घरची इतकी आठवण आली की मी सायकलीपाशीच बसून भाकरी खाल्ली.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांच्या सायकली ऑफिसपुढे रांगेत लावायला लावल्या. दर सोमवारी लावायच्या, हा त्यांचा नेमच होता. एकेकाचं पायडल हाताने फिरवून बघितलं. माझं फिरलं. मी सुटलो. दोन आठवडे बरे गेले असतील. उन्हाळा चढत होता. इकडचं ऊन म्हणजे आमच्या डोंगरातल्या माणसाला भट्टीच. रस्ते फुफाट्याचे, एखादी गाडी गेली की पुढचा माणूस दिसू नये इतकी धूळ. हळूहळू पायडल जड लागायला लागलं. मला वाटलं, मीच थकलो. खाणं एकवेळचं, म्हणून असेल. मग एके दिवशी दुपारी, पलीकडच्या एका वस्तीवर हगवण-ओकारी सुरू झाल्याचा निरोप आला. साहेबांनी मलाच पाठवलं. म्हणाले, "बाया संध्याकाळी पाणी भरायच्या आत विहिरीत औषध गेलं पाहिजे. उद्या सकाळी मी स्वतः येऊन पाणी तपासणार." तपासायची रीत अशी, की बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन त्यात औषधाचा थेंब टाकायचा, पिवळा रंग आला तर औषध टाकलेलं आहे, नाही आला तर टाकलेलं नाही. पिवळा नाही तर हजेरी नाही. शेवगावची शेवटची घरंही मागे पडली नसतील, तोच चेन कट्‌कन वाजली, पायडल जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवर आपटलो. उतरून बघतो तर चेन म्हणजे लाकडाची फळी! तेल आटून त्याचा डिंक झालेला, त्यात धूळ बसून घट्ट लुकण. बोटाने कडी वाकत नव्हती. मी तिथे धुळीत बसलो. भिंतीला टेकून उभी असलेली ती माणसं मला समोर दिसायला लागली.

सायकल ढकलत परत आलो तेव्हा मावशी खिडकीत होती. माझं तोंड बघून तिने मशीन थांबवलं. मी काहीबाही सांगितलं, रडत होतो की काय ते आठवत नाही. ती बाहेर आली, वाकली, चेनवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "खुरासनी?" तिने विचारलं. मी मान खाली घातली. "अरं डोंगऱ्या, तुज्या आईनं त्याल तुला खायाला दिलं हुतं का ह्या घोड्याला पाजायला? मशीनला खायचं त्याल घातलं की मशीन बसतंय, येवढं पोरीबाळींना ठावं असतंय." मी म्हणालो, "आमच्यात लोखंडाला हेच लावत्यात, मावशी." "तुमच्यात पाऊस हाय, हितं फुफाटा हाय," ती म्हणाली. "आन् कुऱ्हाड गरगर फिरती का तुमच्यात?" मग क्षणभर उन्हाकडे बघितलं, किती उतरलंय ते, आणि जे कधी म्हणाली नव्हती ते म्हणाली, "आन आत."

मी उंबऱ्यापाशी थबकलो. "कापडं हायत मावशी आत..." "कापडं मी बघते. तू आन." तिने शिवायची कापडं गुंडाळून फडताळात कोंबली, जमिनीवर गोणपाट टाकलं, सायकल उलटी उभी करायला लावली. मशीनचा बारका पेचकस घेऊन चेनचं लॉक काढायला बसली. लॉक निघेना. तोंडाने त्या लॉकला एकापेक्षा एक शिव्या देत होती आणि हात मात्र अगदी सावकाश चाललेला, जसा कुणाच्या अंगावरच्या कापडाची शिवण उसवताना चालतो. लॉक निघालं. मग कोपऱ्यातली रॉकेलची बाटली आणली. त्या दिवसांत रॉकेल कसं मिळत होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते तिच्या कंदिलाचं होतं. मी म्हणालो, "मावशी, तुमाला दिव्याला..." "दिव्याला काय, आंधारात बसंन. मला काय कुनाला तोंड दाखवायचंय?" जुन्या पत्र्याच्या डब्यात चेन ठेवली, तिच्यावर रॉकेल ओतलं. आधी डिंक सुटला, पिवळट, चिकट. आणि त्याच्याखाली गंज होताच, रंगाखाली झाकलेला तो. मी तेलाने झाकला, जुन्या बाजारातल्या विकणाऱ्याने रंगाने झाकला, एवढाच फरक.

एकेक कडी धरून मागे-पुढे वाकवायची, नारळाच्या शेंडीने घासायची, जिथे गंज खोल बसलाय तिथे काचपेपरचा तुकडा. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. मधेच दाराशी एक बाई उभी राहिली. उद्या तिच्या लेकीची हळद, पोलकं न्यायला आलेली. आत बघते तर उलटी सायकल आणि गोणपाटावर दोन काळी तोंडं. "अगं बया! मावशी, हे काय मांडलंय? माजं पोलकं?" "सकाळी ये," मावशी म्हणाली, मान वर न करता. "सकाळी? मावशी, सकाळी हळद हाय!" "हळद दुपारची हाय. मला आवातन आलंय ना, मला ठावं हाय. आन् पोलक्याबिगर हळद लागती, पान्याबिगर न्हाई लागत. ह्याला विहिरीवर जायाचंय. जा आता, उजेड आडवू नको." बाई पुटपुटत गेली. मी सारखा उन्हाकडे बघत होतो. भिंतीवरचा उन्हाचा पट्टा वर सरकत चाललेला, आणि अजून फ्रीव्हील व्हायचं बाकी. त्यात तिने थेंब थेंब रॉकेल सोडलं, मला चाक फिरवत ठेवायला सांगितलं. खालून काळा, मग तांबडा, मग काळपट रस गळत राहिला. कितीतरी वेळ मुकाट. आणि मग एकदम टिक... टिक टिक टिक. मावशी हसली. त्या दिवसातलं तेवढं एक हसू.

चेन चढवली. मावशीने मशीनच्या तेलाची लांब नळीची कुपी घेतली आणि प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकच थेंब ठेवला. मी म्हणालो, "झालं, निघतो." ती म्हणाली, "थांब." पांढऱ्या कापडाचं कात्रण काढलं, चेनभोवती चिमटीत धरलं आणि मला म्हणाली, पायडल उलटं फिरव. कात्रण काळं झालं. दुसरं घेतलं. तेही काळं. "मावशी, ऊन गेलं!" मी ओरडलो. खरंच ओरडलो, जिने स्वतःचं रॉकेल ओतलं तिच्यावर. ती काहीच रागावली नाही. म्हणाली, "मशीनला त्याल घातलं की आमी आधी चिंधी शिवतो. चिंधीवर डाग उमटायचा थांबला की मगच गिऱ्हाइकाचं कापड घालतो. त्याल सांध्यात पायजे, अंगावर नको. अंगावर ऱ्हायलं की तुजा फुफाटा बसलाच. परत वाटंत बसलास तर मी कुठनं येऊ? फिरव." मी फिरवत राहिलो. दात ओठ खात फिरवत राहिलो. तिसरी, चौथी, कितवी तरी चिंधी जराशी राखाडी निघाली. ती तिने खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाली, "जा."

मी विहिरीवर पोचलो तेव्हा बाया हंडे घेऊन ओळीने उभ्या होत्या आणि पहिला दोर आत पडायच्या बेतात होता. मी लांबूनच हात करत, ओरडत गेलो. "पानी काढू नका! औषध टाकायचंय!" एक म्हातारी कडाडली, "सारा दिस कुठं मेला हुतास रं? आन् आमी तवर काय करायचं, रिकामे हंडे बघत बसायचं?" मी बादलीत पावडर कालवत, पाया पडत म्हणालो, आजी, जराशी कळ काढा. ती शिव्या घालतच होती, पण तिनेच इतरांना मागे सारलं. माझ्या हाताला गंजाचा आणि रॉकेलचा वास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बाटली उन्हात धरली. पाणी पिवळं झालं. साहेब पुढच्या विहिरीकडे निघाले. परत येऊन मी मावशीला सांगितलं तर म्हणाली, "मग? व्हायलाच पायजे हुतं." ते पोलकं तिने सकाळी उठून शिवून दिलं होतं, आणि हळदीला गेलीच नव्हती, नखांतला काळेपणा निघत नव्हता म्हणून.

त्या दिवसापासून आमचा नेम ठरला. रोज निघण्याआधी मी पडवीत चेनवर चिंधी फिरवायची आणि खिडकीतून मावशीला दाखवायची. ती मशीनवरून हात न काढता एक नजर टाकायची. "काळी हाय" म्हणाली की पुन्हा. "जा" म्हणाली की जायचं. कधी नुसती हनुवटी हलवायची. गल्लीतली माणसं हसायची. शेजारचा एक जण तर म्हणाला, "मावशी, पोराला कपाळाला गंध लावून पाठवत्यात, तुमी चिंधी बघून पाठवता." मावशी म्हणाली, "गंधानं चाक फिरतं का?"

एवढं करूनही चेन पुन्हा लाल व्हायला लागली. याचं मला नवल वाटलं, मग भीती. पावसाचा थेंब नाही, दव नाही, हवेत ओल म्हणून नाही, आणि चेनवर सकाळी तांबूस फुलं. सोमवारी साहेबांनी पायडल फिरवलं, बोट लाल झालेलं बघितलं आणि सगळ्यांपुढे म्हणाले, "काय रे, पावसात भिजत ठेवतोस काय?" पावसाचं तोंड बघायला मिळत नव्हतं, त्यामुळे सगळे खो खो हसले. मीही हसलो. घरी आलो तर मावशी माझा सदरा हातात घेऊन बसलेली. खांद्याला फाटला होता, तो तिने आदल्या दिवशी शिवायला घेतला होता आणि सुई तशीच कापडात टोचून ठेवली होती. ती सुई तिने मला दाखवली. गंजून तांबडी झालेली. "एका राती," ती म्हणाली. "माजी सुई वर्सानुवर्सं अशी झाली न्हाई. तुज्या सदऱ्यात काय हाय?" सदरा नाकाशी धरला आणि मग माझ्याकडे बघितलं. "हा तुज्या पावडरीचा वास. तुज्या अंगाला हाय, सदऱ्याला हाय. पिशवी कुठं बांधतो?" पिशवी मी मागच्या कॅरेजवर बांधायचो, तागाची. खड्ड्यातून सायकल उडाली की पावडर भुरभुर खाली झडायची, बरोबर चेनवर आणि फ्रीव्हीलवर. विहिरीतले किडे मारणारी ती पावडर लोखंडही खात होती. आणि मी रोज तिच्यावर चिंधी फिरवून वर पुन्हा तीच टाकत होतो.

मावशीने इकडे तिकडे बघितलं. मग उठली आणि मशीनवरचं मेणकापडाचं कव्हर काढलं. हिरवं, जाड, मशीन घेतलं तेव्हापासूनचं. रोज संध्याकाळी काम संपलं की ते ती मशीनवर घालायची, जशी आई लेकराला पांघरूण घालते. कात्री घेतली. मी म्हणालो, "मावशी, नको. धुळीचे दिवस हायत, मशीन..." ती म्हणाली, "मशीन घरात बसतंय. भाईर तू फिरतोस." आणि कापलं. दुहेरी शिवणीची पिशवी केली, तोंडाला नाडी, वर झाकणाची पट्टी. ती पिशवी कॅरेजवर घट्ट बसली आणि पावडर झडायची थांबली. चेनवरची लाली दुसऱ्या आठवड्यात गेली. मशीनवर तेव्हापासून ती आपलं एक विटकं लुगडं टाकायची, आणि सकाळी आधी मशीन पुसायची, मग माझी चिंधी बघायची.

तिचा खोकला मी येण्याआधीपासूनचा, हिवाळ्यातला होता. मी म्हणायचो, दवाखान्यात दाखवा. ती म्हणायची, "दवाखान्यात काय, तुजंच औषध पाजतील." या उन्हाळ्यात तो छातीत उतरला. मशीन बंद पडलं. खिडकीशी खाट टाकून ती पडून असायची. शेजारणी पेज आणून देत, मी सकाळ-संध्याकाळ पाणी भरून ठेवायचो. मला आत भीती होती ती बोलायची सोय नव्हती. एकीकडे तिला सोडून विहिरींवर जाणं नको वाटे, दुसरीकडे सोमवारची रांग. तिला ते न सांगता कळत असावं. कारण चिंधी दाखवायचा नेम तिने सोडला नाही. शेवटच्या सकाळी मी चिंधी घेऊन आत गेलो तर तिने डोळे किलकिले केले. उजेड खिडकीतून सरळ तोंडावर येत होता, तरी तिला दिसेना. "पांढरी हाय का रं?" तिने विचारलं. मी चिंधी बघितली. खोटं बोलता आलं असतं. म्हणालो, "अजून जराशी काळी हाय, मावशी." ती म्हणाली, "मग फिरव की..." मी बाहेर जाऊन पुन्हा चेन पुसली. परत आलो तोवर तिला डोळा लागला होता. श्वास चालू होता, छाती घरघरत होती. चिंधी तिच्या उशाशी ठेवली आणि शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून निघालो. "जा" असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

मी पोचलो तेव्हा तिला आंघोळ घालून बाहेर आणलं होतं. भावाची वाट बघत सगळे थांबले होते, म्हणून मलाही ती भेटली. नंतर काही दिवसांनी भाऊ बैलगाडी घेऊन आला, घरातलं सामान न्यायला. भला माणूस. मला म्हणाला, घर विकेपर्यंत पडवीत राहा, कुणी उठवणार नाही. मशीन गाडीत चढवताना त्याने विचारलं, "याचं कव्हर हुतं ना हिरवं? माजी धाकटी शिवनार हाय ह्याच्यावर, रस्त्याला धूळ लई हाय." मी सायकलपाशी गेलो, पिशवी सोडायला लागलो, आणि सगळं त्याला सांगून टाकलं. त्याने पिशवी हातात घेतली, शिवण उलटसुलट बघितली, वास आला तसं तोंड वळवलं. मग परत माझ्या हातात दिली. "बांध तिथंच," तो म्हणाला. "बाईनं जिथं दिलं तिथं ऱ्हाऊ दे." मी पडवीतून माझी घोंगडी आणली, घरून आणलेली. ती मशीनवर चारी बाजूंनी नीट गुंडाळली, दोरीने बांधली. आमच्याकडचा पाऊस ओळखणारी घोंगडी नेवाशाच्या फुफाट्यातून गेली.

दुष्काळ अजून हटलेला नाही. माझी हजेरी अजून चालू आहे. सोमवारी साहेब पायडल फिरवतात आणि पुढे जातात. फ्रीव्हीलचे दाते झिजत चाललेत, हे मला आवाजावरून कळतं. हा उन्हाळा निभेल की नाही, सांगता येत नाही. भिंतीला टेकून माणसं अजून उभी असतात. रोज निघण्याआधी मी कात्रण घेतो. त्यांचं एक गाठोडं मावशीच्या भावाने मला ठेवायला दिलं, पोलक्यांची, झबल्यांची, गल्लीतल्या सगळ्या घरांची कात्रणं. पायडल उलटं फिरवतो. मग चिंधी घेऊन खिडकीपाशी जातो. खिडकी बंद असते. बाहेरूनच ती उजेडात धरतो आणि बराच वेळ बघतो. काळी दिसली तर परत जाऊन फिरवतो.